पिनचं भोक हाताने नाही, पकडीने सरळ पडतं

मा. संपादक साहेब,

नमस्कार. मागच्या रविवारच्या पुरवणीत परदेशात हौस म्हणून जुन्या पद्धतीच्या ठासणीच्या बंदुका घरी बनवणाऱ्या लोकांवर लेख आला होता. लेख चांगला होता, फोटो तर लईच भारी, पण नळी लाकडी दस्त्यात पिनांनी कशी बसवतात हे सांगताना लेखकाने एका वाक्यात उरकून टाकलं की हात स्थिर असला की ड्रिलने दोन मिनिटांत भोकं पडतात. मी आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवण्यात नोकरी घातलेला माणूस, ते वाक्य वाचलं आणि चहा तसाच राहिला. हात स्थिर असण्याचा आणि भोक सरळ पडण्याचा संबंध फार थोडा आहे साहेब, आणि हा गैरसमज फक्त बंदुकीपुरता नाही, आपल्या इथल्या प्रत्येक वर्कशॉपमध्ये कुणी ना कुणी तो घेऊन बसलेला असतो, म्हणून लिहायला घेतलं. पत्र लांबेल, कापायचं तिथे कापा, फक्त आकडे कापू नका.

मला या विषयातलं काय कळतं असं कुणी विचारेल म्हणून आधी सांगतो. माझा पुतण्या, मूळचा आमच्या औशाचा, नोकरीच्या निमित्ताने अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात आहे. तिकडे या बंदुकांचा मोठा नाद आहे आणि तो असणारच, कारण ती चीज तिथलीच. अठराव्या शतकात जर्मनी आणि स्वित्झर्लंडकडून आलेल्या कारागिरांनी लँकेस्टरच्या आसपास लांब नळीच्या रायफली बनवायला सुरुवात केली, त्यांनाच लोक पुढे केंटकी रायफल म्हणायला लागले. आजही त्या राज्यात नाताळानंतर हरणाच्या शिकारीचा एक हंगाम असतो तो फक्त चकमकीच्या बंदुकीचा, काडतुसाची बंदूक चालत नाही. तर तिथल्या एका मित्राच्या नादाने ह्यानेही किट मागवलं, म्हणजे नळी, चाप, घोड्याची कळ आणि अर्धवट घडवलेला मेपलच्या लाकडाचा दस्ता, आणि सगळं बसवत बसवत आला तो या पिनांपाशी अडकला. मग काका आठवला.

एक गोष्ट मात्र आपल्या वाचकांसाठी आधीच लिहून टाकतो, नाहीतर उद्या एखादं पोरगं माझं पत्र दाखवत फिरायचं. आपल्याकडे हे करायचं नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक बनवायलाच काय, दुरुस्त करायलाही परवाना लागतो, आणि ठासणीची आहे म्हणून सूट नाही. शेताच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक बाळगायची तरी तिचा रीतसर परवाना लागतो. अमेरिकेत कायदा वेगळा आहे म्हणून तो तिकडे करायलाय. मी इथून जे सांगितलं ते लाकडात नि लोखंडात एकदम भोक पाडण्याबद्दल, आणि ते विद्येचं काम आहे, त्याला परवाना लागत नाही.

आता मुद्दा. ह्या लांब रायफलीची नळी साधारण ४२ इंच, बाहेरून अष्टकोनी, आणि दस्ता अखंड, पार तोंडापर्यंत लाकूड. नळी मागच्या बाजूला एका मोठ्या स्क्रूने धरलेली असते, पण पुढचा सगळा पट्टा धरतात त्या पिना. नळीच्या पोटाला ठराविक अंतरावर तीन-चार छोटे लोखंडी कान बसवलेले असतात, ते लाकडातल्या खाचेत उतरतात आणि बाहेरून आडवी पिन घातली की ती लाकूड, कान, परत लाकूड अशी आरपार जाते. बस. ना नट ना बोल्ट. पिन काढली की नळी उचलून हातात येते, साफ करायला सोपी.

ऐकायला सोपं आहे, अवघड कुठे आहे ते बघा. नळीच्या बरोबर खाली, त्याच लाकडात, ठासायच्या गजाची पन्हळ असते. म्हणजे वर नळी, खाली गज, आणि दोघांच्या मधे लाकडाचा एक पडदा उरतो तो जेमतेम ३-४ मिलिमीटरचा. पिन ह्या पडद्यातून जायची आहे. पडदा ४ धरा, पिन २ मिलिमीटरची धरा, पिन बरोबर मध्यावर गेली तरी वर १ आणि खाली १ मिलिमीटर उरतो. वर सरकली तर ड्रिल नळीच्या पोटाला घासतं, खाली सरकली तर पिन गजाच्या वाटेत येते आणि गज आत जातच नाही. त्यात ते कान लाकडाच्या आत लपलेले, बाहेरून दिसत काहीच नाही.

आता हातातल्या ड्रिलचं गणित मांडतो. पुढच्या भागात दस्ता ३० मिलिमीटर रुंद आहे असं समजा, म्हणजे कान १५ मिलिमीटर आत. ड्रिल ३ अंशांनी तिरकं धरलं गेलं तर कानापाशी पोचेपर्यंत ते ०.८ मिलिमीटर सरकलेलं असतं आणि पलीकडे बाहेर पडताना १.६. तुमच्याकडे होतं किती, तर १. तीन अंश म्हणजे डोळ्याला दिसत सुद्धा नाही हो, मशीन हातात धरून जरा खांदा टेकवला तरी तेवढा फरक पडतो. आणि हे ड्रिल स्वतः सरळ राहिलं तर. ते राहत नाही, हा दुसरा घोळ.

बारीक ड्रिल लाकडात भटकतं. मेपलचं जे लाटा उठल्यासारखं दिसणारं लाकूड बंदुकीला वापरतात त्यात एक पट्टा कडक एक पट्टा मऊ असं असतं, ड्रिल मऊकडे ओढलं जातं. किती ओढलं जाईल हे ड्रिलच्या ताठपणावर, आणि ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. ४ मिलिमीटरच्या जागी २ मिलिमीटरचं ड्रिल लावलं तर ते निम्मं ताठ नाही, सोळावा हिस्सा ताठ आहे. लांबीचं तर उलटं, चकच्या, म्हणजे मशीनच्या ड्रिल धरणाऱ्या जबड्याच्या, बाहेर दुप्पट ड्रिल सोडलं तर तेवढ्याच जोराला ते आठपट वाकतं. हे मी पोरांना फळ्यावर लिहून द्यायचो आणि पोरं परीक्षेत लिहायची पण, मग मशीनवर जाऊन परत अख्खं ड्रिल चकच्या बाहेर काढून बसायची. तर पहिली गोष्ट ही, की ड्रिल चकमध्ये जास्तीत जास्त आत घाला, कामापुरतंच बाहेर ठेवा.

पुतण्याने आधी टाकाऊ लाकडावर करून बघितलं होतं, तेवढी अक्कल आहे त्याला. व्हिडिओ कॉलवर लाकूड कॅमेऱ्यासमोर धरून म्हणतो, "काका, इकडून बरोबर खुणेवर मारलं तरी तिकडं कामून खाली निघायलंय?" म्हटलं, "आरं, मशीन हातात धरलीस का?" "व्हय." "मंग अजून काय होणार!"

जाणते कारागीर काय करतात, तर दस्ता चौकोनी ठोकळा असतानाच पिनांची भोकं पाडून घेतात. नळी बसवली, बाहेरच्या दोन्ही बाजू अजून रंधून सपाट आहेत, ठोकळा आडवा करून ड्रिल प्रेसच्या टेबलावर ठेवला की भोक आपोआप काटकोनात. गोलाई, घडण, नक्षी हे सगळं त्याच्या नंतर. माझ्या मते हा खरा शहाणपणा आहे, सपाट बाजू हातात आहे तोवर तिच्याकडून काम करून घ्यायचं. पण किटमधला दस्ता कंपनीनेच गोल करून पाठवलेला, टेबलावर टेकवायला जागाच नाही, आणि लोक अडकतात ते इथे. पुरवणीतल्या लेखातला फोटो पण असल्याच घडवलेल्या दस्त्याचा होता, म्हणून म्हणतो ते वाक्य जास्तच खटकलं.

मग सपाट जागा आणायची कुठून? नळीवरून. अख्ख्या बंदुकीत एकच वस्तू नक्की सरळ आहे ती म्हणजे नळी, लाकडावर भरवसा ठेवायचा नाही. नळी खाचेत पूर्ण दाबून बसवा, मागचा स्क्रू आवळा, पुढे दोन-तीन ठिकाणी क्लॅम्प लावा, फट राहिली तर पुढे पिना ती फट कायमची करून ठेवतील. मग बंदूक उलटी करा, म्हणजे नळीचा वरचा सपाट पैलू खाली, सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट केलेल्या लोखंडी पाटावर. सरफेस प्लेट नसेल तर जाड काच चालते. नळी २० मिलिमीटर उंच आहे आणि पडदा ४ चा आहे तर पिनचा मध्य काचेपासून २२ वर आला. हाइट गेज, म्हणजे ठराविक उंचीवर रेघ मारायचं साधन, २२ ला लावा आणि कानाच्या जागी दोन्ही बाजूंना रेघ मारा, एका बाजूला नाही, दोन्ही. हे सरळ नळीचं सांगतोय, मधे बारीक आणि दोन्ही टोकांना जाड अशीही नळी मिळते, तिला प्रत्येक कानापाशी वेगळं मोजावं लागतं. कान लांबीत कुठे आहे ते नळी बाहेर असतानाच तोंडापासून मोजून कागदावर लिहून ठेवायचं आणि नळी बसवल्यावर तेच माप परत तोंडापासून घ्यायचं, आणि गुण्या लावून ती खूण दोन्ही बाजूंना खाली उतरवायची. रेघ जिथे रेघेला छेदते तिथे बारीक आरीने टोचा. आता तुमच्याकडे प्रत्येक पिनचे दोन बिंदू आहेत, आत जायचा आणि बाहेर पडायचा.

दोन बिंदूंतून रेघ एकच जाते, हे शाळेतल्या भूमितीत आहे. त्या रेघेवरून ड्रिल हलू नये एवढंच बघायचं, आणि त्यासाठी जिग, म्हणजे ड्रिलला वाट दाखवणारी पकड. मी त्याला जे करायला लावलं ते असं. १२ मिलिमीटर जाड प्लेटमधून इंग्रजी यू सारखा आकार, मधे दस्ता आडवा मावेल एवढी जागा, खोली ४० मिलिमीटर पुरते कारण जिग खालून, गजाच्या बाजूने चढवायचा आहे. यूच्या एका पायात टोकदार दांडा, दुसऱ्या पायात कडक पोलादाचा बुश, म्हणजे पोकळ ठोकळी, त्याला आतून २ मिलिमीटरचं भोक. दांड्याचं टोक पलीकडच्या खुणेत टेकवा, बुश अलीकडच्या खुणेवर दाबा, आवळा. ड्रिल बुशमधून घातलं की ते दुसरीकडे कुठे जाणार?

पण जिग चांगला असेल तरच. दोन्ही पायांतली भोकं एकाच सेटिंगमध्ये, एकाच ड्रिलने, प्लेट न हलवता आरपार पाडायची, आधी एक पाडलं मग प्लेट फिरवून दुसरं पाडलं असं नाही. वेल्डिंग करून यू बनवत असाल तर आधी वेल्डिंग, ते पूर्ण गार होऊ द्या, मग भोक. उलट केलं तर वेल्डिंगची ओढ येते आणि पाय वाकडे होतात, नुसत्या डोळ्याला कळत पण नाही. झाल्यावर तपासायचं कसं, तर टोकदार दांडा आत सरकवत नेऊन बुशपाशी आणा, टोक बुशच्या भोकात बरोबर मध्यावर गेलं पाहिजे. नाही गेलं तर तो जिग पेपरवेट म्हणून वापरा. पुतण्याकडे लेथ नाही, त्याने तिथल्या एका म्हाताऱ्या मशिनिस्टकडून करून घेतला, तो माणूस म्हणे माझं रेखाटन बघून हसला आणि म्हणाला तुझा काका फिटर दिसतो!

भोक पाडताना फेरे जास्त आणि दाब कमी. साध्या लोखंडाला मिनिटाला २५ मीटरचा कटिंग स्पीड धरला तर २ मिलिमीटरच्या ड्रिलला साधारण ४००० फेरे येतात, लाकडाला त्याहून जास्त चालतील. घरगुती मशीन तीन हजारांच्या आसपास फिरतं, चालून जातं, पण लोक फेरे कमी ठेवून दाबतात आणि मग ड्रिल वाकतं नाहीतर तुटतं, आणि तुटलेलं टोक कानात अडकलं की बसा रडत. दर २-३ मिलिमीटरला ड्रिल बाहेर काढून भुसा झाडायचा, ड्रिलच्या पिळाच्या खाचेत भुसा दाबला गेला की ड्रिल तापतं आणि बाजूला पळतं. लाकूड संपून लोखंड लागलं हे आवाजावरून कळतं, तिथे हात अजून हलका. कानाच्या दोन्ही बाजू कानसून सपाट केलेल्या असल्या पाहिजेत, गोलसर असल्या तर ड्रिल त्यावरून घसरतं, मग बुशने पण काही होत नाही.

आणि एक बारीक गोष्ट, जी मला सगळ्यात आवडते. पार पलीकडे जाऊ नका. पलीकडच्या टोकदार दांड्यापासून एक मिलिमीटर अलीकडे थांबा, ड्रिलवर टेपची खूण करून ठेवा. जिग काढा, आणि राहिलेलं लाकूड पलीकडून, दांड्याच्या टोकाने पडलेल्या खळग्यातून, हातातल्या छोट्या पिन व्हाइसमध्ये, म्हणजे ड्रिल धरायच्या मुठीत, ड्रिल धरून फिरवून काढा. दोन फायदे होतात, ड्रिल दांड्यावर आपटून बोथट होत नाही आणि बाहेर पडताना लाकडाचा कपचा उडत नाही. कपचा उडालेली पिन शंभर वर्षांनी पण ओळखू येते, वरून कितीही पॉलिश मारा.

भोकं झाली म्हणजे काम झालं असं नाही, लेखात ह्याचा उल्लेखच नव्हता. नळी काढायची आणि कानातलं गोल भोक नीडल फाइलने नळीच्या लांबीच्या दिशेने लांबट करायचं, दोन्हीकडे मिलिमीटरभर. लाकडातलं भोक गोलच ठेवायचं. का, तर नळी पोलादाची, साधारण मीटरभर लांब, थंडीतल्या पहाटेपासून उन्हात तापेपर्यंत ४० अंशांचा फरक पडला तर ती जवळजवळ अर्धा मिलिमीटर वाढते, आणि गोळीबाराने तापली तर अजून. लाकूड त्या हिशोबाने वाढत नाही, ते हवेच्या ओलीवर हलतं. लोक म्हणतील लाकूड पावसाळ्यात फुगतं हे आम्हाला पण माहीत आहे, आमची दारं आषाढात बसतच नाहीत. बरोबर, पण दार फुगतं ते रेषेच्या आडवं, रुंदीत. लांबीत लाकूड फार थोडं हलतं. म्हणूनच तर नळी आणि दस्ता दोघे वेगवेगळ्या चालीने हलतात, आणि मधल्या पिना दोघांनाही घट्ट धरून बसल्या तर बारीक पडदा तडकतो नाहीतर नळीवर ताण येऊन निशाणा सरकतो. पेन्सिल्व्हेनियात उणे तापमान आणि बर्फ, आपल्याकडे मेमध्ये ४२-४३, तिकडची एखादी बंदूक कुणी लातूरला आणून ठेवली तर तिला पण हे कळेल.

पिनांसाठी महाग काही नको. सायकलचा साधा स्पोक २ मिलिमीटरचा असतो, ताठ असतो, चालतो. दोन्ही टोकं किंचित गोल करायची, रुंदीपेक्षा थोडी कमी लांब कापायची, मेण चोळायचं म्हणजे गंज धरत नाही. कुठल्या बाजूने घालायची आणि कुठल्या बाजूने काढायची ते एकदा ठरवा आणि जन्मभर तेच ठेवा, उलटसुलट ठोकत राहिलं की भोक सैल होतं.

आता थोडं आपल्याकडचं, कारण लेखात असा सूर होता की असलं बारीक काम आपल्याकडे कधी नव्हतंच. आपल्या तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने बार उडवायच्या, जुन्या बंदुका कुठल्याही संग्रहालयात बघा, नळी दस्त्याला बहुतेक वेळा पट्ट्यांनी, तारेने नाहीतर कातड्याच्या वादीने बांधलेली असते. भोक पाडायचा प्रश्नच काढून टाकला आपल्या कारागिरांनी. पट्टी सरकवली, नळी सुटली, आणि नळी वाढो नाहीतर लाकूड हलो, कुणाला ताण नाही. हे मागासलेपण कसं काय? पिनांची पद्धत बघायची तर इंग्रजांची मस्केट घ्या, म्हणजे त्यांच्या पायदळाची लांब ठासणीची बंदूक. ३९ इंची नळीचा जो इंडिया पॅटर्न मस्केट, तो मुळात ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेसाठीचा नमुना, तो पुढे १७९० च्या दशकात खुद्द ब्रिटिश लष्कराने उचलला, आणि त्याची नळी अशाच आडव्या पिनांवर बसलेली. २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला जी लढाई झाली तिथे इंग्रज सेनापती वेलस्लीच्या पायदळाच्या खांद्यावर अशाच पिनांनी बसवलेल्या मस्केट होत्या. फ्रेंचांनी मात्र त्यांच्या मस्केटला पट्ट्याच ठेवल्या, आणि पुढे इंग्रज पण पट्ट्यांवर आले. म्हणजे आपल्या लोकांचा मार्ग काही चुकीचा नव्हता.

आणि भोक पाडायला आपल्या सुताराकडे सामता होता, दोरी गुंडाळून धनुकलीने फिरवायचा. माझ्या लहानपणी गावातला सुतार सामत्याने चौकटीला खुंटीचं भोक पाडताना मी बघितलंय, तो काय हात स्थिर आहे म्हणून फुशारकी नाही मारायचा. वरून सामत्याच्या डोक्यावर नारळाची करवंटी दाबून धरायची, खाली पायाने चौकट आवळायची, आणि शेजारी पोराला बसवायचा गुण्या धरून, सामता तिरका झाला की पोराने ओरडायचं. पकडच होती ती, फक्त लोखंडाची नव्हती.

भोक चुकलंच तर काय ह्यावर लेखात एपॉक्सी भरा असं सांगितलंय. नका भरू. एपॉक्सी आणि शेजारचं लाकूड यांचा कडकपणा वेगळा, परत ड्रिल मारलं की ते मऊ बाजूला पळणार. त्याच लाकडाची बारीक खुंटी तासा, सरस लावून ठोका, रात्रभर सुकू द्या, आणि परत जिग लावून पाडा.

शेवटी एक विनंती. असे लेख छापताना एखादं छेद दाखवणारं चित्र टाका, नळी, पडदा, गज, पिन, एवढ्या चार रेघा पुरतात, वाचकाला फोटोपेक्षा जास्त कळेल. आमच्या भागातल्या कुठल्याही आयटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवणारा माणूस अर्ध्या तासात काढून देईल. मी काढून ठेवलंय, हवं असेल तर पत्रासोबत जोडलेलं वापरा, मापं मिलिमीटरमध्ये आहेत आणि पडद्याचं माप दोनदा तपासलंय.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक, लातूर